कलम नऊ पाहावे

बुधवार, ५ मार्च

ठराव मंजूर! आठ विरुद्ध सात. पुढच्या आठवड्यापासून क्लबाची साप्ताहिक सभा बुधवारऐवजी गुरुवारी. संध्याकाळी सहा, त्याच हॉलमध्ये.

कारण मी असं मांडलं की बुधवारी शेजारच्या खोलीत मुलांचा ड्रमचा क्लास असतो, इतिवृत्त वाचताना माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. बेकरीवाला लगेच म्हणाला, ‘मग त्या क्लासचा सत्कार करायला हवा!’ हशा. अध्यक्षीणबाईसुद्धा हसल्या — दातांच्या डॉक्टर आहेत, हसताना दात छान दिसतात. मी दिसू दिलं नाही, पण लागलं. अकरा वर्षं सेक्रेटरी आहे. दर सभेचं इतिवृत्त शब्द न् शब्द लिहितो आणि पुढच्या सभेत उभा राहून वाचतो. तेवढ्या वेळात लोक चहात बिस्किटं बुडवतात.

खरं कारण इथे लिहितो. लेकीच्या नव्या नोकरीत सुट्टी फक्त बुधवारी. इतक्या लांबून फोन करायचा तर तिकडची सकाळ आणि इकडची संध्याकाळ जुळते ती सहा ते सात, तेवढ्यातच नात जागी असते. पाच महिन्यांची झाली. चार बुधवार मी हॉलमध्ये घंटा वाजवत होतो आणि घरी आल्यावर ही सांगायची — आज पालथी पडली, आज आवाज काढला. सभा बुडवणं माझ्या रक्तात नाही. बावीस वर्षांत एक बुडवलेली नाही. मग सभाच हलवली!

हे तिथे उभं राहून सांगायला काय झालं होतं? जीभ रेटली नाही. कामं बाजूला ठेवून येणारी माणसं, आणि मी म्हणू, नात बघायची आहे?

एक मात्र नवल. सात हात वर झाले. बाई म्हणाल्या, ‘सात. आणखी कोणी?’ आणि अगदी शेवटी, सावकाश, सायकलवाल्याचा हात वर आला. हा माणूस क्लबाच्या कपबश्या बदलायलाही विरोध करणारा! त्याला एवढा ड्रमचा त्रास होत असेल असं वाटलं नव्हतं.

बुधवार, १२ मार्च

पहिला मोकळा बुधवार. पावणेसहालाच फोन भिंतीला टेकवून बसलो. ही म्हणाली, ‘अहो, शर्ट कसला बदलताय, ती काय इंटरव्ह्यू घेणार आहे का?’

नातीने माझ्याकडे बघितलं. म्हणजे फोनकडेच बघितलं असेल, पण मी म्हणतो माझ्याकडे. मग मूठ तोंडात घातली आणि एक लांबलचक भाषण केलं. लेक म्हणाली, ‘बाबा, इतिवृत्त लिहून घ्या!’ सात कधी वाजले कळलं नाही. फार बरं वाटलं.

नंतर ही म्हणाली, ‘सायकलवाले भाऊजींना सांगायला हवं, फार चौकशी करत होते.’ त्यांना नातीचं कसं माहीत, म्हटलं. तर मागच्या महिन्यात हिच्या शिलाई मशीनचं चाक अडत होतं, ते दुरुस्त करायला ते आले होते. हिने चहा दिला. चहाबरोबर सगळं घरही सांगितलं असणार, मी ओळखतो हिला.

गुरुवार, १३ मार्च

गुरुवारची पहिली सभा. चौदा हजर. सायकलवाला नाही!

आमच्याकडे दाराशी एक फळी आहे, तिला आकडे. आल्यावर आपला बिल्ला काढून छातीला लावायचा, जाताना परत अडकवायचा. मग घंटा झाली की फळीवर जो बिल्ला उरतो तो गैरहजर. हजेरी घ्यावी लागत नाही. आज एकच बिल्ला लोंबकळत होता. बघायची सवय नसल्यामुळे सारखी तिकडेच नजर जात होती.

इतिवृत्त वाचलं. ‘काही दुरुस्ती?’ विचारलं. कुणी हूं की चूं नाही. एरवी तो विचारतो — अनुमोदन कोणी दिलं, त्या दिवशी चहा होता की कॉफी, पाहुण्यांनी निळा कोट घातला होता ते का नाही लिहिलं? दर वेळी मला राग येतो. आज नाही विचारलं तर चुकल्यासारखं झालं.

शुक्रवार, १४ मार्च

माझ्या जुडग्यात एक बारकी पितळी किल्ली आहे. कशाची, कोण जाणे. कपाटाला लागत नाही, ट्रंकेला लागत नाही. टाकवतही नाही.

गुरुवार, २० मार्च

पुन्हा नाही. सभा संपल्यावर त्याच्या दुकानातल्या फोनवर लावला. मोबाइल तो बाळगत नाही, ‘दोन्ही हातांना ग्रीस असतं’ म्हणतो. उचलला नाही. दुकान बंद.

गुरुवारी दुकान बंद ठेवतो? बावीस वर्षांत मला माहीत नव्हतं.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळी फोन लागला. ‘काय हो, दोन सभा झाल्या!’ तर म्हणे, ‘गुरुवारी जमत नाही, सेक्रेटरीसाहेब.’ मग? ‘मग काय, चाललंय.’ बस्स! संपलं बोलणं.

अस्सा राग आला. गुरुवारी जमत नाही, तर हात वर कशाला केला? तो हात खाली राहिला असता तर ठराव पडला असता! आठवा हात त्याचाच. स्वतःच मत द्यायचं आणि स्वतःच रुसून बसायचं, ही कुठली तऱ्हा?

बुधवार, २६ मार्च

नात आज हसली. आवाज करून. हीपण हसता हसता रडली. मी नाही.

मन थोडं खात होतं. ड्रमवाल्या मुलांवर उगाच खापर फोडलं. चांगली वाजवतात खरं म्हणजे.

गुरुवार, २७ मार्च

तिसरी गैरहजेरी.

आमचा एक जुना रिवाज आहे — मागच्या आठवड्यात ज्याच्या शेजारी बसलात त्याच्या शेजारी या आठवड्यात बसायचं नाही. नवीन शेजारी, आणि बसल्या बसल्या त्याला विचारायचं, ‘आठवडा कसा गेला?’ ओळख वाढावी म्हणून. आज बेकरीवाल्याशेजारी बसलो. विचारलं. ‘मजेत!’ तो म्हणाला आणि मला विचारलं. ‘मजेत!’ मी म्हणालो. मग दोघं घंटेची वाट बघत बसलो.

सायकलवाल्याला मी हा प्रश्न आजवर शंभरदा तरी विचारला असेल. ‘चाललंय.’ त्याच्यापुढे मी कधी दुसरा प्रश्न विचारला का? तो बिनसाखरेचा चहा पितो हे माहीत आहे. आम्ही दोघं एकाच दिवशी सभासद झालो हे माहीत आहे. घरी कोण आहे? लग्न केलेलं नाही, एवढं ठाऊक. बाकी कोरं. गावभरच्या आजाऱ्यांना व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या नेऊन देतो आम्ही, फॉर्मवर त्यांच्या घरातल्या माणसांची यादी लिहून घेतो. आपसात मात्र ‘मजेत’.

व्हीलचेअरवरून आठवलं. मागच्या स्टोअरमधली ती लंगडी खुर्ची — ब्रेक न लागणारी — आज एका म्हाताऱ्या बाईंकडे द्यायला काढली तर लोण्यासारखी चालतेय. ब्रेक पक्का. पुढच्या छोट्या चाकांत केसांचे आणि दोऱ्यांचे गुंते अडकलेले होते, तेही साफ. अध्यक्षीणबाई बेकरीवाल्याला म्हणाल्या, ‘तुम्ही केलंत?’ तो नुसता मान हलवून हसला. एरवी एवढा बडबड्या, आज विनयाचा पुतळा!

गुरुवार, ३ एप्रिल

चौथी.

कलम सात : लागोपाठ चार सभांना विनापरवानगी गैरहजर राहिल्यास सभासदत्व संपुष्टात येईल. सभेत तसं सांगितलं.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, ‘अहो, दुकान दहा मिनिटांवर आहे. पत्र कसलं लिहिताय, जाऊन भेटा ना!’ मी म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा, मित्र म्हणून सवलत दिली तर उद्या कुणाच्या तोंडाकडे बघून नियम लावायचा? बेकरीवाला म्हणाला, ‘बोलली आमची नियमावली!’ हे माझं नाव आहे, पाठीमागे. आज तोंडावर घेतलं.

घरी येताना दुकानावरूनच आलो. शटर खाली. मला तर वाटतं मला भेटायचंच नव्हतं — भेटलो असतो तर विचारावं लागलं असतं, आणि त्याने मला उलट विचारलं असतं की गुरुवारच का?

शुक्रवार, ४ एप्रिल

पत्र लिहिलं, टाकलं.

‘स.न.वि.वि. आपण दि. १३, २० व २७ मार्च आणि ३ एप्रिल या सभांना गैरहजर होता. कलम ७ अन्वये आपले सभासदत्व संपुष्टात आल्याचे कळवण्यास खेद होतो. बिल्ला फळीवरून काढण्यात येईल.’

हिला वाचून दाखवलं. वाटलं, भाषा सौम्य आहे म्हणेल. हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली, ‘बावीस वर्षांचा माणूस, आणि तुम्ही त्याला खेद पाठवता?’ त्यानंतर दिवसभर बोलली नाही. जेवणसुद्धा मुकाट्याने वाढलं.

रविवार, ६ एप्रिल

अबोला चालू.

मंगळवार, ८ एप्रिल

सकाळी दाराच्या पेटीत माझंच पत्र परत. मागच्या बाजूला पेन्सिलीने, ग्रीसचा अंगठा उमटलेला, एक ओळ — ‘कलम ९ पाहावे.’

मला नियम शिकवतो! तणतणत नियमावली काढली. कलम नऊ. वाचलं. पुन्हा वाचलं आणि खुर्चीत बसलो.

‘सभेस येणे अशक्य असल्यास सभासदाने त्या सभेच्या आधी वा नंतर सात दिवसांत क्लबाचे एक तास काम करावे. कामाची चिठ्ठी एका साक्षीदाराच्या सहीने हजेरीपेटीत टाकावी. अशी सभा हजेरीत धरली जाईल.’

पंधरा वर्षांपूर्वी हे कलम लिहिलं कोणी? मी! चिठ्ठीचा नमुना आखला कोणी? मी! हजेरीपेटी सुताराकडून करून आणली तीही मी. पुढे सगळ्यांकडे मोबाइल आले, ‘आज जमत नाही’ असे मेसेज यायला लागले, आणि पेटी आहे हेच विसरलो.

तसाच हॉलवर गेलो. मावशी झाडत होत्या — हॉलची सगळी देखभाल त्यांच्याकडे. पेटी कुठे विचारलं. भाषणाच्या टेबलाखाली, वर क्लबाचं जुनं फडकं टाकलेलं. म्हणाल्या, ‘तुमचे सायकलवाले टाकतात की चिठ्ठ्या! दर बुधवारी सहाला येतात, मागे खुर्च्यांचं काम करत बसतात. माझी सही घेतात. मी म्हटलं कशाला, तर म्हणे साक्षीदार लागतो. मला वाटलं तुम्हीच पाठवता.’

पितळी किल्ली. लागली.

चार चिठ्ठ्या. १२ मार्च, १९ मार्च, २६ मार्च, २ एप्रिल. सगळे बुधवार. ‘काम : ब्रेकची वायर बदलली. चाकांतले केस काढले.’ ‘काम : दोन वॉकरची रबरी टोपणं.’ प्रत्येकीवर मावशींची सही, प्रत्येक अक्षर सुटं. म्हणजे ज्या बुधवारी मी शर्ट बदलून फोनपुढे बसत होतो, त्याच वेळेला हा माणूस एकटा माझ्या नियमाने सभा भरवत होता. आणि शाबासकी घेतली बेकरीवाल्याने!

नमुन्यात मीच एक रकाना आखला होता — गैरहजेरीचे कारण. पहिल्या चिठ्ठीवर : ‘थोरला भाऊ संस्थेत असतो. भेटायची वेळ फक्त गुरुवारी, ५ ते ७.’ बाकी तीन चिठ्ठ्यांवर : ‘वरीलप्रमाणे.’

थोरला भाऊ. त्याला भाऊ आहे?

मावशींनी पाणी आणून दिलं.

हिला सांगितलं. ती शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, ‘उद्या बुधवार आहे.’

बुधवार, ९ एप्रिल

लेकीला म्हटलं, आज मी नाही. आणि सहाला हॉलच्या मागच्या दाराने आत गेलो.

तो स्टुलावर बसला होता, खुर्ची उलटी करून मांडीत घेतलेली. मला बघून दचकला. घड्याळाकडे बघितलं. आणि पहिलं वाक्य काय? ‘अहो, तुम्ही इथे कसे? लेकीचा फोन असेल ना आता! जा, जा घरी.’

मी दारातच उभा राहिलो. याला माहीत होतं! हिने शिलाई मशीनपाशी सगळं सांगितलं होतं — बुधवार, सहा ते सात, नात, माझा फोन कसा चुकतो ते सगळं. ड्रमच्या क्लासचं भाषण मी ठोकत होतो तेव्हा समोर बसून याला खरं ठाऊक होतं.

विचारलं, ‘तुमचा एकच गुरुवार. माहीत असून हात का वर केलात?’

पान्ह्याने नट आवळत म्हणाला, ‘सातच झाले होते. एक कमी पडत होता.’

नाक शिंकरलं. म्हणालो, ग्रीसचा वास आहे. तो म्हणाला, ‘आहेच.’

मग स्टूल ओढून बसलो. बावीस वर्षांनी दुसरा प्रश्न विचारला. भाऊ सहा वर्षांनी मोठा. लहानपणापासून तसाच, एकट्याने राहू शकत नाही. आई होती तोवर घरी होता, आई गेल्यावर संस्थेत. दर गुरुवारी पाचला फाटकाशी बसून असतो. एक गुरुवार तापामुळे चुकला तर दोन दिवस जेवला नाही. ‘कधी सांगितलं का नाहीत?’ तर म्हणे, ‘तुम्ही आठवडा कसा गेला विचारता. आठवडा बरा जातो.’

‘मग या वेळी तरी तोंडाने सांगायचंत. चिठ्ठी कशाला?’

‘सांगितलं असतं तर तुम्ही सभा परत बुधवारी नेली असतीत. नियमात सोय होती. तुम्हीच केलेली.’ पान्हा खाली ठेवून म्हणाला, ‘पेटी उघडत असाल असं वाटलं.’

हे लागलं. हक्काने लागलं. पत्राबद्दल माफी मागितली, सरळ, कलम न काढता. तो म्हणाला, ‘अक्षर छान होतं.’ आणि हसला, मेला!

एक तास त्याच्या हाताखाली काम केलं. खुर्चीच्या पुढच्या चाकांतले केस काढायला चिमटा लागतो. दोन चाकं साफ केली. त्यातलं एक त्याने परत साफ केलं.

मग सहज म्हणालो, ‘मंगळवार चालला असता का हो तुम्हाला?’ ‘मंगळवार? कुठलाही वार चालतो, गुरुवार सोडून.’ मलाही कुठलाही चालतो, बुधवार सोडून! पंधरा माणसं दर आठवड्याला जवळ जवळ खुर्च्या टाकून बसतो, आणि एकाने एकाला एवढं विचारलं नाही.

घरी येऊन अध्यक्षीणबाईंना पत्र लिहिलं. एक — माझं ४ तारखेचं पत्र रद्द, सायकलवाले चारही सभांना नियमाप्रमाणे हजर होते. दोन — सभा मंगळवारी असावी. तीन — ड्रमचा त्रास नव्हता. नात पाहायची होती. सांगायची लाज वाटली, म्हणून दुसऱ्याच्या माथी मारलं. हे सभेत मोठ्याने वाचावं. तिसरा मुद्दा दोनदा खोडला, तिसऱ्यांदा लिहिला तसा ठेवला. खाली : उद्या मी येणार नाही.

पत्र हिनेच नेऊन दिलं. येताना बेकरीतून केक आणला. बेकरीवाल्याला काय सुनावलं ते मला सांगत नाही.

गुरुवार, १० एप्रिल

सभेला गैरहजर. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

सायकलवाल्याबरोबर संस्थेत गेलो. फाटकाशी बाकावर थोरला बसला होता, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून. धाकट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या छातीवर बोट ठेवलं. ‘हा नियमावली.’

त्याला सगळे माहीत! बेकरीवाला, दातांच्या बाई, कोणाचा कोट निळा, कुठल्या दिवशी चहा न् कुठल्या दिवशी कॉफी. बावीस वर्षं बुधवारची सभा गुरुवारी इथे पुन्हा भरत होती. मला म्हणाला, ‘चार सभा राहिल्या.’

इतिवृत्ताची वही सवयीने पिशवीतच राहिली होती. तिकडे बोंब झाली असेल. बाकावर बसून चारही इतिवृत्तं वाचली, शब्द न् शब्द. मधे त्याने कुणालाही बोलू दिलं नाही. विचारलं, ‘काही दुरुस्ती?’

‘तो गैरहजर लिहिलंय. चूक. तो इथे होता.’

चारही ठिकाणी लाल शाईने दुरुस्त केलं. त्याने एकेक नीट पाहिलं. मग हात वर केला. ‘मंजूर.’